ग्रेगरी साहेब धुंडीला आले

माझ्या बापाच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं अख्खा तांडा म्हणतो. कुणाची सोयरीक मोडली, कुणी कुणाशी अबोला धरला, सेवादासला कळलं की सगळ्यांना कळलं. तो तांड्याचा आचारी. लग्न असो की तेरवी, कढई त्याच्याच ताब्यात, आणि कढईपाशी बसलेल्या माणसाला गप्पा हाणल्याशिवाय राहवत नाही. अशा माणसानं वीस-बावीस वर्षं एक गोष्ट स्वतःच्या बायकोपासून लपवली, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

मी वर्षा. आर्णीला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, पण होळीला शटर ओढून तांड्यावर येते. घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत बोलतो आणि बाहेर वऱ्हाडीत. इथं सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीतच सांगते, म्हणजे तुमचीही अडचण नको.

ही दोन हजार सातच्या होळीची गोष्ट. कापसाचे ते दिवस तुम्ही पेपरात वाचले असतील. आमच्याकडे रोज एक नवी गाडी यायची. दिल्लीचे, मुंबईचे, गोरे, सगळे कॅमेरे घेऊन. त्यांना आमची रडकी तोंडं हवी असायची. एक बाई मला म्हणाली, "ताई, जरा शेताकडे बघा आणि हसू नका." मी म्हटलं, बाई, माझे दातच पुढं आहेत, त्याला मी काय करू? दुःख होतं, नव्हतं असं नाही. पण ते आमचं होतं. कधी दाखवायचं आणि कधी झाकायचं हे आम्ही ठरवणार, जीपमधून उतरलेला माणूस नाही.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी माझा धाकटा भाऊ भरत आला, आणि तोही न सांगता. तो बियाण्यांचा शास्त्रज्ञ. परदेशात वेल्टन नावाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. सहा वर्षं फोनवर एकच पालुपद, "याडी, पुढच्या होळीले नक्की." आमच्यात आईला याडी म्हणतात. आमची याडी मानीबाई दर होळीला त्याच्या वाटणीचं ताट वाढून ठेवायची आणि संध्याकाळी तेच चिडून गाईपुढं टाकायची.

तो दारात दिसला तशी ती त्याच्या गळ्यात पडली. खूप दिवसांनी माणूस भेटला की गळ्यात पडून सूर लावून रडायची आमची रीत आहे. याडीनं असा सूर लावला, असा लावला, की शेजारची धनीबाई धावत आली, "कोन गेलं वं?" कोणी गेलं नाही, आलंय, हे कळल्यावर तिनंही सूर लावला.

बाया गेल्यावर भरतनं दार लोटलं आणि खिशातून बोटाएवढी काचेची कुपी काढली. आत सरकीचे दाणे होते.

"हे बी लावलं तं कापूस मस्त येते," तो म्हणाला. "पण त्याची सरकी उगवत नाही. आन् याच्या फुलाचा पराग माशीनं शेजारच्या वावरात नेला तं त्याचीबी सरकी वांझ. काही सालात तालुक्याच्या तालुक्याचं बी मरते. मंग जलमभर कंपनीच्याच दारात उभं राहा."

"मंग जाळून टाक न बावा," याडी म्हणाली. "घरात कायले आणलं हे पाप?"

"जाळलं तं पुरावा गेला, याडी. कंपनी म्हणते असं बी जगात नाहीच. आन् मी नोकरी सोडून निघालो तं माह्यावर चोरीची तक्रार केली. काय चोरलं ते सांगत नाही, नुसतं 'कंपनीचा माल' म्हणते. ही कुपी सरकारच्या हाती पडली तं मी साक्षीदार. त्यायच्या हाती पडली तं मी चोर. मंग तिकडच्या जेलात सडतो मी. होळी नाही न दिवाळी नाही."

नागपूरच्या एका सरकारी शास्त्रज्ञ बाईंशी, प्रभावती मॅडमशी, त्याचं बोलणं झालं होतं. पण विमानतळावर दोन माणसं मागं लागली, म्हणून यानं मिळेल ती एसटी पकडली. मॅडम दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस घेऊन तांड्यावरच येणार होत्या. तोवर कुपी सांभाळायची होती.

मला वाटलं, बा आता कपाळाला हात लावील. बा कणीक मळत होता. त्यानं हात न थांबवता विचारलं, "त्यायचे बूट कसे होते?"

"बूट?" भरत म्हणाला.

"नवे का वापरलेले? दोघंबी सोबत चालत होते का एक पुढं एक मांगं?"

"एक पुढं, एक मांगं."

"हं. शिकलेले हायेत," बा म्हणाला आणि पुन्हा कणकेला लागला. याडीनं माझ्याकडे बघितलं, मी याडीकडे. उन्हानं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असं आम्हा दोघींनाही वाटलं.

आमची होळी संध्याकाळी पेटत नाही, पहाटे पेटते. ती पेटली, लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी, गायली गेली, आणि उजाडताच पळसाच्या फुलांचा रंग कढया भरभरून उकळायला लागला. त्या वर्षी खेमसिंगच्या घरी नातू झाला होता, म्हणून त्याची धुंड होती. धुंड म्हणजे बाळाची पहिली होळी. बाळाच्या दारात खुंटा रोवायचा, त्याला चुरम्यानं भरलेली पितळी चरवी दोरखंडानं गच्च बांधायची. भोवती बाया काठ्या घेऊन उभ्या. पुरुषांनी चरवी पळवायची आणि बायांनी त्यांना बदडायचं. पुरुषानं हात उगारायचा नाही, रागवायचं नाही. मग तो तांड्याचा मुखिया, म्हणजे नायक असो, की कलेक्टर. वर्षभराचा सगळा हिशेब बाया त्या एका दिवसात चुकता करतात.

सकाळी सगळे पुरुष एकजात केशरी झाले असताना पांढरी जीप आली. त्यातून एक उंच, पिकल्या केसांचा गोरा उतरला. बरोबर टाय लावलेला दुभाष्या आणि यवतमाळचा रामधन. हा रामधन लग्नाचे व्हिडिओ काढतो. गोऱ्यानं त्याला दिवसाच्या बोलीवर आणलं होतं. दुभाष्यानं पूनमसिंग नायकांना सांगितलं, साहेब शेतकऱ्यांच्या दुःखावर फिल्म काढतात.

"दुःख उद्या," नायक म्हणाले. "आज होळी हाय. या, बसा."

मी घरात पळाले. बा दाराच्या फटीतून बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं घाबरला. जवळ गेले तर तो हसत होता, तोंडात पंचा कोंबून.

"ग्रेगरी साहेब हाय थो," तो म्हणाला. "माह्या हातचं भरलं वांगं दोनदा मागून खायचा."

"कुठं?" याडीनं विचारलं. "दुबईत?"

बानं पंचा खांद्यावर टाकला. मग खाली बसला आणि म्हणाला, "मानी, मी दुबईले कधी गेलतोच नाही."

आमच्या लहानपणी बा काही वर्षं परदेशात होता. दुबईला मजुरांच्या खानावळीत स्वयंपाकी, असं आम्हालाच काय, तांड्याच्या कुत्र्यालाही माहीत होतं. खरं असं निघालं की तो युरोपातल्या एका थंड शहरात आपल्या वकिलातीत स्वयंपाकी होता. तिथं देशोदेशीचे साहेब जेवायला यायचे आणि वाढप्यासमोर बिनधास्त बोलायचे, कारण भिंतीला कान असतात हे त्यांना माहीत होतं, वाढप्यालाही असतात हे नव्हतं. बा वाढायचा, ऐकायचा आणि रात्री आपल्या साहेबाला सांगायचा. ग्रेगरी तेव्हा दुसऱ्या एका देशाचा हेर होता. त्याची दोन मोठी कामं भरल्या वांग्यापायी बुडाली. आता म्हातारपणी कंपन्यांसाठी भाड्यानं हेरगिरी करत होता.

"सरकारनं शपथ घातलती," बा म्हणाला. "बायकोलेबी सांगाचं नाही म्हणून."

"आन् थे सोन्याचं घड्याळ? दुबईचं म्हणून मी अख्ख्या तांड्यात मिरवलं थे?"

"थे थितल्या बाजारातलं. सोन्याचंबी नाही थे."

 याडीनं कोपऱ्यातली काठी उचलली, हातात तोलून बघितली आणि म्हणाली, "तुमचं मी सांजच्याले पाह्यतो. आधी पोराचं पाहू." तिला राग आला होता, पण मला दिसलं, तिचे डोळे चमकत होते. जन्मभर ज्याला बडबड्या म्हणून हिणवलं तो नवरा हेर निघाला होता. असं भाग्य आर्णी तालुक्यात दुसऱ्या कोणत्या बाईच्या वाट्याला आलंय?

तिकडे टायवाला 'घरं बघायची' म्हणून एकेका घरात शिरत होता, डबे उघडत होता, गाद्या चाचपत होता. दोन घरं झाली की आमचं.

"माणसाच्या अंगावर ठेवू नका," बा म्हणाला. "त्यानं माणसालेच इजा होते. अशी जागा पाह्यजे का जिथं पह्यलंच राखण हाय." आणि तो कुपी पंच्याखाली घेऊन बाहेर पडला. थोड्या वेळानं छाती फुगवून परत आला. खेमसिंगकडचा चुरमा त्यानंच केला होता. चव बघायच्या निमित्तानं त्यानं कुपी चरवीत, थंड चुरम्याच्या मधोमध, खोल खुपसली होती.

"तांड्यातल्या साऱ्या बाया काठ्या घेऊन उभ्या हायेत," तो म्हणाला. "याच्याहून पक्की तिजोरी कोनती?"

याडीनं कपाळावर हात मारला. "अवो, शेवटी चरवी दरसाल पुरुषच पळवतेत न! म्हणूनच तं खेळ हाय थो! तिकडं राहून अक्कल गोठली का तुमची?"

बाचं तोंड बघण्यासारखं झालं. देशोदेशीच्या साहेबांना फसवणारा माणूस आपल्याच सणाचा शेवट विसरला होता. बाया आधी झोडपतात आणि मग थकून, हसत हसत चरवी सोडतात, हे त्या खेळातलं ठरलेलं होतं.

भरत दाराकडे निघाला. "आता काढता येईल का?"

काढता येणार नव्हती. ढोल सुरू झाला होता.

याडी घागरा सावरत बायांच्या कड्यात शिरली आणि एवढंच म्हणाली, "बायांहो, औंदा चरवी द्याची नाही." कुणीही का म्हणून विचारलं नाही. मला वाटतं, ही गोष्ट कुणीतरी म्हणावी याची त्या कित्येक वर्षं वाट बघत होत्या. बाळाची आजी रुपीबाई तर पदर खोचून खुंट्यालाच पाठ लावून उभी राहिली.

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. पुरुष नेहमीसारखे हसत आले आणि ओरडत परत गेले. खेमसिंगचा फेटा उडाला. नायकांच्या पाठीत धनीबाईनं असा सोटा घातला की ते म्हणाले, "अवं, मी नायक हाय!" धनीबाई म्हणाली, "म्हणून तं एकच मारला."

ग्रेगरी साहेब बाजेवर बसून बघत होता. त्याच्या खिशात भरतचा फोटो होता, पण केशरी तोंडांच्या गर्दीत फोटो काय कामाचा? माणूस मात्र मुरलेला. त्याला दिसलं की सगळे पुरुष चरवीवर झेप घेतायत आणि एकजण लांब उभा राहून, चरवीला कुणाचा हात लागला की जीव गेल्यासारखा डोळे मिटतोय. भरतला हेरगिरी जमणारी नव्हती. तो याडीवर गेलाय, मनातलं सगळं तोंडावर.

ग्रेगरी उठला. त्यानं कोट काढला, बाह्या सारल्या आणि टायवाल्याला खूण केली. पुरुषांना वाटलं, पाहुणा खेळायला आला! त्यांनी ढोल आणखी जोरात धरला, त्याला कढईतल्या रंगानं न्हाऊ घातलं आणि पुढं ढकललं. बानं मात्र धनीबाईच्या कानात सांगितलं, "त्या टायवाल्याची डावी कंबर पाह्य. थितं लोखंड हाय." धनीबाईनं मागंपुढं बघितलं नाही. फाडकन आवाज आला आणि टायवाल्याच्या कमरेचं पिस्तूल उडून पळसाच्या रंगात बुडालं.  नायकांनी चिमट्यानं ते बाहेर काढलं, निथळू दिलं आणि जाहीर केलं, "पाव्हण्यायचा फाग जमा!" होळीला बाहेरच्या माणसाकडून जी भेट वसूल करतात तिला आमच्यात फाग म्हणतात. टायवाला कंबर धरून बाजेखाली जाऊन बसला तो उठलाच नाही.

पण ग्रेगरी थांबला नाही. त्याच्या पाठीवर काठ्या पडत होत्या, तो खाली वाकून, रांगत, रुपीबाईच्या घागऱ्याला वळसा घालून खुंट्यापाशी पोचला. त्याच्या हातात इवलासा चाकू चमकला आणि दोरखंड तुटला. चरवी त्याच्या छातीशी होती.

 चरवी खुंट्यापासून सुटली की बायांनी काठ्या खाली टाकायच्या, हा नियम. याडीनंही टाकली. 

ग्रेगरीनं जीपकडे धूम ठोकली. पण कसा जाणार? चरवी जिंकणाऱ्याला तांडा खांद्यावर घेतो. खेमसिंग आणि आणखी चौघांनी त्याला चरवीसकट उचललं आणि ढोलासमोर नाचवलं. तो वरून ओरडत होता, "नो! नो!" आणि आमचे लोक खालून तितक्याच प्रेमानं, "हो! हो!" त्यांनी त्याला नेऊन नायकांसमोरच्या बाजेवर बसवलं आणि सगळी माणसं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहिली. कारण जो चरवी जिंकतो त्यानंच ती आपल्या हातानं वाटायची, शेवटच्या मुठीपर्यंत. रिकामी केल्याशिवाय उठायचं नाही. उठला तर बाळाला अपशकुन.

ग्रेगरीनं वाटायला सुरुवात केली. दुसरा इलाजच नव्हता. हात खोल घालून चाचपायचा, मूठभर चुरमा काढायचा आणि द्यायचा. रामधन आनंदानं सगळं टिपत होता. असं लग्न त्यानं आजवर पाहिलं नव्हतं, म्हणे.

तेवढ्यात सरकारी गाडी आली. प्रभावती मॅडम उतरल्या, मागं दोन हवालदार. त्या भरतला शोधायच्या आत बायांनी त्यांना रंग लावला, ताटली दिली आणि पाहुण्या म्हणून सरळ रांगेच्या पुढं नेलं. मॅडम गोंधळून ताटली धरून उभ्या राहिल्या. ग्रेगरीचा हात चरवीत होता आणि त्याच क्षणी त्याचा चेहरा बदलला. त्याला कुपी सापडली होती.

मूठ बाहेर आली, पण उघडेना. ती हळूच खिशाकडे वळायला लागली.

"ओ पाव्हणे!" याडी कडाडली. "मूठ उघडा! वाढताना हात आखडाचा नसते!"

"मूठ उघडा! मूठ उघडा!" सगळा तांडा ओरडायला लागला. लोकांना वाटलं, गोरा मोठा घास स्वतःला ठेवतोय. याडीनं त्याचं मनगट धरून ताटलीवर आणलं आणि एक चापट मारली. चुरम्यासकट कुपी मॅडमच्या ताटलीत पडली.

ढोल थांबला. मॅडमनी कुपी उचलली, पुसली, उजेडात धरली. त्यांना लगेच कळलं. त्यांनी रामधनच्या कॅमेऱ्याकडे बघितलं, हवालदारांना जवळ बोलावलं आणि ग्रेगरीला इंग्रजीत विचारलं, मग आम्हाला कळावं म्हणून मराठीतही, "ही वस्तू तुमची आहे? तुमच्या कंपनीचा माल आहे का हा?"

भरतचा हात माझ्या हातात होता. आता तो हो म्हणणार आणि माझा भाऊ चोर ठरणार, असं मला वाटलं.

ग्रेगरीनं कुपीकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हो म्हटलं तर असं बी आहे आणि ते कंपनीनंच बनवलं, हे कॅमेऱ्यासमोर कबूल. नाही म्हटलं तर भरतनं चोरलं काय? जगात नसलेली वस्तू चोरता कशी येईल?

बा पुढं झाला. पंच्यानं तोंडावरचा रंग पुसला आणि इंग्रजीत, आम्ही कधी न ऐकलेल्या झोकदार इंग्रजीत, काहीतरी म्हणाला. त्यानं नंतर सांगितलं, तो एवढंच म्हणाला होता, "साहेब, आज वाढप्याचं काम तुम्हाला करावं लागलं, माफ करा."

ग्रेगरी त्याच्याकडे बघत राहिला. ओळख पटायला वेळ लागला. आणि मग तो म्हातारा, पाठीवर काठ्यांचे वळ, अंगभर केशरी रंग, असा खो खो हसत सुटला की त्याला ठसका लागला. बानं त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन तो कॅमेऱ्याकडे वळला आणि स्पष्ट म्हणाला, "माझी नाही. कंपनीचीही नाही. असं काही नाहीच आमच्याकडे."

"मग हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "ज्यांनी आणली ते बोलतील."

भरत पुढं गेला. हवालदारानं कागद काढला आणि जबानी सुरू केली. नाव. वडिलांचं नाव. धंदा.

"राहणार?"

भरत थांबला. सहा वर्षं तो तिकडचा पत्ता लिहीत होता. आम्ही पाठवलेल्या राख्यांवरही मी तोच लांबलचक, उच्चार न येणारा पत्ता लिहीत असे. याडी माझ्या मागं उभी होती, तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

"पूनमसिंग नायक तांडा," भरत म्हणाला. "तालुका आर्णी, जिल्हा यवतमाळ."

हवालदारानं नेहमीप्रमाणे विचारलं, "कायमचा?"

"कायमचा."

याडीनं मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणे थो? काय सांगतलं त्यानं?" तिनं ऐकलं होतं. तिला फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"इथलाच पत्ता सांगतला, याडी," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

तिनं मला बाजूला सारलं, हात वर केले आणि तिच्या त्या फाटक्या, मोठ्या आवाजात लेंगी धरली. ढोल पुन्हा सुरू झाला, बाया तिच्यामागं कड्यात फिरायला लागल्या, मॅडमलाही कुणीतरी ओढलं, आणि जबानीचा कागद हातात धरून हवालदार बिचारा ढोल थांबायची वाट बघत उभा राहिला.